भाषणापुरती साडी

मी हातमागाची साडी बोलतेय. पाच वर्षांची झाले, पण नेसून माझी घडी अजून कुणी मोडलेली नाही.

धुळ्यात फारुखच्या मागावर माझा जन्म झाला. त्याच्या बायकोने, जुबेदाने सुताच्या कांड्या भरल्या आणि त्याने मला विणलं. गडद जांभळी, लाल काठांची. महिला मंडळाच्या सुंदरबाई अक्का सभेसाठी मला मागून नेत, व्यासपीठावर उंच धरत आणि म्हणत, "बायांनो, हे विणणारे हात जगवायचे तर हातमागाचंच घ्या." टाळ्या पडत. मग अक्का मला नीट घडी घालून परत आणून देत.

एकदा भर सभेत त्या बोलून गेल्या, "माझ्या लेकीच्या बस्त्यात मानाच्या साड्या फारुखभाऊंच्याच." फारुखने तो शब्द धरला. यंत्रमागावरचं चालून आलेलं काम नाकारलं, घरातलं सगळं सूत लावून वीस साड्या विणल्या. विसार मागितला नाही. एवढ्या बायांसमोर बोललेल्या अक्कांकडे विसार कसा मागायचा, असं त्याला वाटलं. भोळाच तो.

बस्त्याच्या दिवशी नणंदेला नमुना दाखवायला अक्कांनी मला पिशवीत घातलं. दुकानातल्या गादीवर मला उलगडताच नणंद भिकुबाई म्हणाल्या, "सुंदर, बठ्ठा सोयरा येतीन. त्यास्ले सुती देशी का? लोक नाव ठेवतीन."

अक्कांनी माझी घडी घातली. मग म्हणाल्या, "मला पटतं हो, पण सोयऱ्यांना कोण पटवणार?" आणि चकचकीत नायलॉनच्या वीस साड्या बांधून घेतल्या. त्यांच्याखाली दबून मी अक्कांच्या घरी गेले, आणि तिथून परत फारुखकडे आले. अक्का वाईट नाहीत. बोलतात ते त्यांना मनापासून वाटतं, म्हणून तर माझा जीव जास्त जळतो.

त्या वीस साड्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही, नव्या सुताला पैसा उरला नाही; फारुखने माग मोडला. लाकूड चुलीत गेलं. आता तो दुसऱ्याच्या यंत्रमागावर पाळी करतो, नायलॉनच विणतो.

काल अक्का पुन्हा आल्या. "जुबेदा, ती साडी दे ना. उद्या मेहरूणला सभा आहे."

"न्या अक्का. तेवढी एकच राहिली. बाकीच्यांच्या गोधड्या शिवल्या," जुबेदा म्हणाली. अक्कांनी मान खाली घातली, पण मला नेलंच.

आत्ता मी व्यासपीठावर आहे. समोर नायलॉन नेसलेल्या बाया टाळ्या वाजवताहेत. बायांनो, फारुखचा माग गेला, तो आता येत नाही. पण कुठेतरी अजून एखादा चालू असेल. तिथली एक तरी साडी विकत घ्या, नेसा, धुवा, फाटेपर्यंत वापरा. आणि अक्का, पाया पडते, मला खाली ठेवा. या टाळ्या आता ऐकवत नाहीत.