फोनवरची आई

आई गेली त्या महिन्याच्या शेवटी सगळी भावंडं धाकटीकडे जमली. घर तसं आईचंच. धाकटीने लग्न केलं नाही, म्हणून ती तिथेच राहिली आणि आईचं म्हातारपण तिच्या वाट्याला आलं. बाकीचे परगावी, फोनवर माया करणारे. फोनवर माया करायला काय लागतं म्हणा! पण त्यांच्या मायेत खोट नव्हती, हेही खरं.

"आईची स्मरणशक्ती मात्र शेवटपर्यंत तल्लख!" थोरला म्हणाला. "जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ. अगदी परवापर्यंत माझ्या गुडघ्याची चौकशी करायची."

"माझ्या परीक्षेच्या दिवशी आजीने आठवणीने फोन केला होता," त्याची मुलगी म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

धाकटी कप विसळत होती. त्या प्रत्येक फोनला ती आईच्या कानाशी लागून बसलेली असायची. 'दादा आहे, गुडघा विचार. नात आहे, आज परीक्षा.' आई जुन्या सवयीने निरोप पुढे जोडून द्यायची, आवाज तसाच ठणठणीत. फोन ठेवला की विचारायची, "कोण होते हो हे?"

आईचं हसं होऊ नये म्हणून धाकटीने हे नाटक सुरू केलं, पुढे ते थांबवायची सोयच उरली नाही. आता खरं सांगावं, तर या सगळ्यांची शेवटची आई हिरावून घेतल्यासारखं होणार. न सांगावं, तर तिची स्वतःची आई कोणाला कळणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

"आत्या, आजी तुझ्याबद्दल काय म्हणायची गं?" भाचीने विचारलं.

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. धाकटीने नळ बंद केला.

"म्हणायची, चहा तुझ्याच हातचा."

"बस, एवढंच?" ताई हसली. सगळेच हसले. त्या भरल्या घरात धाकटीइतकं एकटं कोणी नव्हतं. मग कोणीतरी गाडीची वेळ काढली आणि निघायची गडबड झाली.

घर रिकामं झाल्यावर ती पोटभर रडली.

आई तिला पगारी बाई समजायची. संध्याकाळ झाली की म्हणायची, "बाई, आता घरी जा. तुमची आई वाट बघत असेल." वाद घालण्यात अर्थ नसायचा. धाकटी चपला घालून जिन्यात जाऊन बसायची. जाता-येता शेजारी विचारायचे, "काय, किल्ली विसरलात?" जरा वेळाने उठून ती बेल वाजवायची.

आई दार उघडायची. आणि कधीतरी, रोज नाही, तिला ओळखायची.

"आलीस? किती हा उशीर! ती बाई आत्ताच गेली बघ. स्वभावाने चांगली आहे गं बिचारी, पण चहा तुझ्याच हातचा. तिला सांगू नकोस हं, वाईट वाटेल."

"नाही सांगत कोणाला," धाकटी म्हणायची आणि चहा टाकायची.