सोफेवाल्याने गाळलेला प्रश्न

नोंदणीवाल्या मॅडम गल्लीत शिरल्या तेव्हापासून सोफेवाला सारखा कपाळ पुसत होता. तो समोरच्या सलूनमध्ये खुर्चीत बसला होता, पण दाढी करायला नव्हे. त्याला त्याच्याच दुकानातून बाहेर काढलं होतं, आणि तेही कायद्याने.

कायदा नवाच होता. स्त्रियांच्या हक्कांचा आणि आर्थिक सक्षमीकरणाचा, असं त्याचं लांबलचक नाव. गल्लीत त्याला नुसतं ‘बायकांचा कायदा’ म्हणत. नवऱ्याच्या धंद्यात बायको वर्षानुवर्षं राबली असेल तर तिची भागीदार म्हणून नोंद व्हावी, आणि नोंद झाली की तिच्या सहीशिवाय कोणी ते दुकान विकू नये, मोडू नये, तिला बाहेर काढू नये. अर्ज नवऱ्याने केला तरी चाले. पण बोलायचं तिनेच. सरकारी बाई दुकानात येणार, तिला एकटीला विचारणार आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घेणार.

“बायकोची परीक्षा आणि घाम तुला?” सलूनवाला म्हणाला. “टॉवेल देऊ का?”

“गप रे.”

“अरे, माझ्या बायकोची झाली ना परवा. इतकी बोलली, इतकी बोलली, मला वाटलं लग्नाच्या आधीपासूनचं सांगतेय. बाहेर आली आणि मला म्हणते, आता नीट वागा, मी भागीदार आहे. मी म्हटलं, मग झाडू पण अर्धा अर्धा मारू.”

सोफेवाला हसला नाही. त्याची नजर रस्त्यापलीकडच्या काचेवर होती. काचेआड त्याची बायको आणि मॅडम समोरासमोर बसल्या होत्या. मॅडम एका दुरुस्तीला आलेल्या सोफ्यावर, ज्याचं कापड अजून अर्धंच चढलं होतं, आणि बायको मशीनच्या स्टुलावर. ऐकू काहीच येत नव्हतं.

त्याच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, काळजीचं काही कारण नाही. पण ते म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला होता, आणि सोफेवाल्याला तो चष्मा काही विसरता येत नव्हता. दुकान वडिलांपासूनचं. मागच्या भागात थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, लाकूडकाम करायचा. पुढच्या भागात सोफे आणि खुर्च्यांवर कापड चढवायचं काम सोफेवाल्याचं. मध्ये एक भिंत. कागदावर मात्र सगळं दोघा भावांचं एकत्र. सोफेवाल्याला काही झालं तर पुढचा भाग कोणाकडे जाणार, हे कोणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

दादा वाईट माणूस नव्हता. भावजयीला आणि मुलीला त्याने उपाशी ठेवलं नसतं. पण ठेवलं असतं ते आश्रिताला ठेवतात तसं, आणि या विचाराने सोफेवाल्याचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून कायद्याचं कानावर आल्याबरोबर त्याने अर्ज करून टाकला होता, आणि मग बायकोला तयार करायला घेतलं होतं.

“कापड कोण निवडतं?” तो विचारायचा.

“मी.”

“असं नाही. नीट सांग. ‘कापड मी बाजारातून निवडून आणते.’”

“अहो, मला माहीत आहे मी काय करते. माझंच काम मला पाठ काय करायला लावताय?”

“आणि ‘मी नुसती हाताखाली असते’ असं चुकूनही बोलू नकोस. तुझी ती सवय आहे. कोणी काही विचारलं की तू म्हणतेस, मला काही कळत नाही, ह्यांना विचारा.”

“ते गिऱ्हाइकाला टाळायला म्हणते.”

मापं, कापणी, शिलाई, गिऱ्हाइकाशी बोलणं, त्याने सगळं घोटून घेतलं. एकच प्रश्न गाळला. मॅडम शेवटी काय विचारतात ते सलूनवाल्याच्या बायकोने त्याला सांगितलं होतं: पती नसले तर हे दुकान तुम्ही एकट्या चालवाल का?

ते त्याच्या तोंडातून निघालंच नाही. त्याला कारण होतं. ऑपरेशन ठरल्यापासून बायकोने घरात एक नियम केला होता. पुढचं काही बोलायचं असेल तर वाक्य ‘तुम्ही घरी आलात की’ इथूनच सुरू करायचं. तुम्ही घरी आलात की पडदे बदलू. तुम्ही घरी आलात की मुलीला वसतिगृहातून चार दिवस बोलावू. दुसरं कोणतंही वाक्य त्याने सुरू केलं की ती उठून जायची. नळ सोडायची, भांडी वाजवायची. तेव्हा त्याने स्वतःची समजूत घातली, त्यात काय एवढं, हो म्हणेल. एका शब्दाचं तर उत्तर.

काचेआड ती हातवारे करून काही सांगत होती. सोफ्याच्या कडेवरची गोट दाखवत होती, एका कोपऱ्यावर बोट ठेवून तिथे कापड कसं दुमडतात ते दाखवत होती. मॅडम हसल्या. सोफेवाल्याचा जीव जरासा भांड्यात पडला.

“जमलं बघ,” सलूनवाला म्हणाला.

तेवढ्यात मॅडमनी पान उलटलं आणि काही विचारलं. बायकोचा हात होता तिथेच थांबला. ती उठली, मशीनकडे तोंड करून बसली आणि चक्क शिवायला लागली. मॅडम थांबून राहिल्या. मशीन चालत राहिलं. मग बायको मान वर न करता काहीतरी बोलली. बोलणं अगदी छोटं होतं. मॅडमनी लिहिलं, तिची सही घेतली आणि पिशवी उचलली.

सोफेवाला रस्ता ओलांडेपर्यंत त्या दारात आल्या होत्या.

“झालं का, मॅडम?”

“उत्तरं मला सांगता येत नाहीत,” त्या म्हणाल्या. आवाज कोरडा नव्हता, पण नजर त्यांनी चुकवली. “त्यांना काही बदलायचं असेल तर मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत आहे. तिथलं आटोपलं की आजचं पत्रक बंद करते. मग मात्र पुन्हा अर्ज, आणि पुढची फेरी कधी येईल ते माझ्याही हातात नाही.”

तो आत गेला. बायको अजून शिवतच होती.

“काय विचारलं शेवटी?”

“तुम्हाला माहीत होतं काय विचारणार ते.” तिने मशीन थांबवलं. “माहीत होतं ना?”

त्याने खाली पडलेली दोऱ्याची रीळ उचलली.

“सगळं पढवलंत. हे तेवढं ठेवलंत परक्या बाईच्या तोंडून ऐकायला.”

“तू काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले.”

“नाही? अगं, नाही कसं?”

“नाही चालवणार, म्हणाले. तुमच्याशिवाय नाही. हो कशी म्हणू? पुढच्या आठवड्यात तुम्ही त्या टेबलावर झोपणार आणि मी इथे सही करून देऊ, की नसला हा माणूस तरी माझं चालतंय?”

“कागदावरचा प्रश्न आहे तो!”

“असू दे कागदावरचा. माझ्या तोंडात नको.”

सोफेवाल्याला धाप लागली. तो मॅडम बसल्या होत्या त्याच सोफ्याच्या कडेला टेकला. रागावावं तर छातीत कळ येते, न रागावावं तर हातातली गोष्ट जाते, अशी त्याची गत झाली. लाँड्री छोटी, नवरा-बायको दोघांचीच, तिथे किती वेळ लागणार?

मागच्या दारातून दादा आला. अंगावर भुसा, कानाला पेन्सिल.

“गेल्या का बाई? काय झालं?” दोघांचे चेहरे बघून त्याला कळलं. “नाही झालं? जाऊ दे रे. बरंच झालं एका परीने. आपल्या घरातलं आपण बघू, त्यात सरकार कशाला?” तो भावजयीकडे वळला. “तू काही काळजी करू नकोस, बाई. मी आहे ना. तुम्हा दोघींना मी कधी अंतर देणार नाही. वरची खोली तुमचीच. पोरीचं शिक्षण माझ्याकडे लागलं.”

हे बोलता बोलता तो भिंतीपाशी गेला आणि तिच्यावर थाप मारून बघायला लागला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. सुताराला भिंत दिसली की तो थाप मारतोच.

“पोकळ आहे,” तो म्हणाला. “ही काढली तर लाकूड थेट रस्त्यापर्यंत आणता येईल. मशीन मात्र अडचण करेल. मशीनला गिऱ्हाईक बघावं लागेल. तसं ते जुनं झालंय, पण—”

“दादा,” बायको म्हणाली, “हे बसलेत इथं.”

“अं?”

“हे अजून इथं बसलेत. जिवंत.”

दादाचा हात भिंतीवरच राहिला. “अगं, मी कुठं काय म्हटलं? मी आपलं पुढचं...”

“तेच तर. ज्याला त्याला पुढचं सुचतंय.” ती उठली. पदराला चिकटलेले दोरे झटकले आणि चपला पायात सरकवून रस्त्याला लागली.

सोफेवाला तिच्यामागे निघाला. डॉक्टरांनी भरभर चालायला मनाई केली होती. तो भरभर चालला. सलूनवाल्याने हातातली कात्री तशीच धरून दारातून विचारलं, “काय रे, कुठं?” पण उत्तर द्यायला श्वास नव्हता. मॅडम निघाल्या तर नसतील? लाँड्रीच्या दारात त्यांची पिशवी दिसली नाही तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग दिसली. आत, इस्त्रीच्या टेबलाखाली.

वाफेने भरलेल्या त्या खोलीत बायको मॅडमसमोर उभी होती. लाँड्रीवाली समजूतदारपणे आतल्या खोलीत गेली होती.

“तुम्ही बाहेर थांबा,” मॅडम त्याला म्हणाल्या.

“राहू द्या त्यांना,” बायको म्हणाली. “मला त्यांच्यासमोरच बोलायचंय. चालत नाही का?”

“तुमची मर्जी असेल तर चालतं. तसं लिहावं लागेल.”

“लिहा.”

मॅडमनी लिहिलं. मग तिचा कागद काढून तोच प्रश्न पुन्हा वाचला. पती नसले तर हे दुकान तुम्ही एकट्या चालवाल का?

सोफेवाल्याने दाराची चौकट धरली.

“मी पुढचं बोलणार नाही,” बायको म्हणाली. “तुम्ही कितीदा विचारलंत तरी नाही. झालेलं सांगते, ते लिहा. दोन वर्षांपूर्वी ह्यांना पहिल्यांदा त्रास झाला. सगळा उन्हाळा अंथरुणावर होते. तेव्हा दुकान मी चालवलं. शाळेच्या बाकांना कापड चढवायचं काम आलं होतं, ते मी घेतलं, मी पुरं केलं. एका माणसाने कापड परत केलं, त्याच्याशी मी भांडले. एकटीने चालवलं.”

“दादाने चालवलं,” सोफेवाला म्हणाला. त्याच्या नकळत शब्द बाहेर पडले होते.

ती त्याच्याकडे वळली नाही. “दादांनी फक्त लाकूड बघितलं. सगळं दादाच बघतात, असं ह्यांना मी सांगितलं, कारण तेव्हा मी एकटी खपते आहे म्हटल्यावर हे दुसऱ्या दिवशी उठून आले असते. बरे झाल्यावर ह्यांनी दादांचे पाय धरले. दादा लाजून नको नको म्हणाले. मग ते तसंच राहिलं.”

मॅडमचं पेन थांबलं. “प्रश्न पुढचा आहे, ताई. कचेरीत ‘हो’ किंवा ‘नाही’ शोधतात.”

“मग त्यांना म्हणावं, शोधा. चालवलंय म्हणजे काय ते त्यांना कळत नसेल तर मी येऊन सांगेन.”

मॅडमनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग आधीचं उत्तर एका रेघेने खोडलं आणि ती बोलली होती ते शब्दन् शब्द लिहून काढलं. मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने सही केली. मॅडम म्हणाल्या, “माझा शेरा मी अनुकूल लिहीन. अडायला नको. पण पत्र हातात येईपर्यंत मी काही वचन देत नाही.”

परत येताना दोघं सावकाश चालले. त्याला दोनदा थांबावं लागलं.

“मला का नाही सांगितलंस?” दुसऱ्यांदा थांबल्यावर त्याने विचारलं.

“बरे होऊन तुम्ही दुकानात आल्या आल्या मशीनचा पट्टा बघितलात, म्हणालात, बघ, माझ्यावाचून सगळं सैल पडलंय. इतके खूश होता.” तिने त्याचं कोपर धरलं. भर रस्त्यात तिने कधी त्याला असं धरलं नव्हतं. “म्हटलं, असू दे.”

त्याला हेच तर हवं होतं. तिचं अडणार नाही हे कोणीतरी खात्रीने सांगावं म्हणून तो इतके दिवस झुरत होता. आता खात्री झाली, तरी छातीतलं ओझं हललं नव्हतं. फक्त त्याची जागा बदलली होती.

“आणि ऐका,” ती म्हणाली. “चालवलं, असं म्हटलंय मी. चालवेन, असं म्हटलेलं नाही. उगाच तुमच्या मनात काही येईल.”

“नाही येत.”

“येतंय. तोंडावर दिसतंय.”

दुकानात दादा अजून उभाच होता. ते आत आल्यावर त्याने घसा खाकरला.

“हे बघ,” तो भावाला म्हणाला, “मघाशी मी जरा... म्हणजे भिंतीचं आत्ताच काही नाही. तुझं ऑपरेशन होऊ दे. मग आपण दोघं बसून ठरवू. तू काय म्हणतोस?”

सोफेवाल्याला खूप काही म्हणायचं होतं. बाकांचं विचारायचं होतं, पाय धरल्याचं विचारायचं होतं. छातीत कळ आली आणि गेली.

“तिला विचार,” तो म्हणाला.

दादा भावजयीकडे वळला. इतक्या वर्षांत त्याने तिला, चहा झाला का आणि पोरगी कशी आहे, याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. कसं विचारायचं ते त्याला सुचेना. तो नुसताच कानावरची पेन्सिल चाचपत राहिला.

“बसा, दादा,” ती म्हणाली, आणि तिने स्टूल ओढून घेतलं.