साहेब फोन उचलत नाहीत

कुरकुंभच्या रंगाच्या कंपनीत मल्हारी कोळपे प्रशासन अधिकारी होता. म्हणजे नक्की काय होता, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कामगारांचे गणवेश आले की मापं चुकवून वाटायचे, कॅन्टीनच्या आमटीबद्दल कुणी तोंड उघडलं की आमटीची नाही, त्या माणसाची चौकशी लावायची, आणि उरलेला दिवस खुर्चीत बसून खुर्ची मोठी कशी होईल याचा विचार करायचा. गाव कवठे येमाई, बिऱ्हाड दौंडला. गावी तो जाई तो पारावर बसून 'कंपनी माझ्याशिवाय हलत नाही' हे सांगायलाच. कंपनी त्या वेळी त्याच्याशिवाय छान चालू असे, पण हे सांगायला पारावर दुसरं कुणी नसायचं.

त्या वर्षी जुने मॅनेजर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी कोण, हे मुंबईचे शेठ ठरवणार होते आणि नावं दोनच होती. एक मल्हारी, दुसरा प्लांटवरचा शिफ्ट इन्चार्ज चांगदेव खरात. चांगदेव शिकलेला, कमी बोलणारा, बुटांवर कायम निळ्या-लाल रंगाचे डाग. त्याला 'साहेब' म्हणताना मल्हारीची जीभ जड व्हायची. का जड व्हायची ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. "त्यो? त्यो काय मॅनेजर व्हतोय!" म्हणून मल्हारी हसायचा. काचेची केबिन, कंपनीची गाडी आणि मॅनेजरची पाटी त्याने मनातल्या मनात कधीच ताब्यात घेतली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

अशात कंपनीत डिजिटल फोन आले.

तोवर सगळा कारभार ऑपरेटर नकुशाबाईच्या बोर्डावर चालायचा. लाकडी बोर्ड, त्यावर भोकं, भोकांत दोऱ्या घालायच्या. बाहेरून फोन आला की नकुशाबाई आवाजावरून माणूस ओळखायची आणि दोरी योग्य भोकात घालायची. आसपासच्या गावांतून कुणाची बायको, कुणाची आई एसटीडी बूथवरून रडतरडत बोलली, तर बाई प्लांटवर निरोप धाडायची आणि तो माणूस गेटवर येऊन उभा राहायचा. मल्हारीला हे सुरुवातीपासून खुपत होतं. "कंपनी हाय का पोस्ट हापीस?" असं तो येताजाता तिला ऐकवायचा. नकुशाबाई कानाला बोर्डाचं यंत्र लावून बसलेली असायची, त्यामुळे ऐकू न आल्याचं सोंग तिला फुकटात करता यायचं.

फोन आणायचे ठरले तेव्हा त्याची जबाबदारी मल्हारीने मागून घेतली. पुण्याहून माणूस आला. त्याने टाइम ऑफिसच्या भिंतीवर एक्स्चेंजची पेटी ठोकली, छताच्या कडेने तारा ओढल्या आणि टेबलाटेबलावर एकेक फोन ठेवला. फोन खरोखर देखणा होता. वर छोटा पडदा, त्यावर कोण बोलतंय त्याचा नंबर. रिसीव्हर न उचलता बोलायला स्पीकर. समोरच्याला ताटकळत ठेवायचं असेल तर त्याला गाणं ऐकवायची सोय. एका वेळी तिघाचौघांना बोलता येणार, आणि बाजूला बटणांची रांग, प्रत्येकाला आपापला लाल दिवा. मल्हारीने आपल्या फोनला हळदकुंकू वाहिलं आणि जास्वंदीचं फूल ठेवलं. वरचा प्लॅस्टिकचा कागद मात्र काढू दिला नाही. "नवं दिसाया पायजे," तो म्हणाला. कुंकू त्या कागदाखाली शिरलं आणि पडद्यावर एक लाल डाग कायमचा बसला.

मग नंबरांचा घोळ झाला. पुण्याचा माणूस म्हणाला, "साहेब, प्लांटला आणि गेटला सोपे नंबर देऊ. घाईत तेच लागतात."

"नंबर मानाप्रमाणं लागतील," मल्हारी म्हणाला.

लग्नाच्या पंगतीत कुणाचं पान कुठं मांडायचं यावर आमच्याकडे डोकी फुटतात. इथे डोकी फुटली नाहीत, तोंडं मात्र फुगली. मॅनेजर एकवीस, मल्हारी बावीस, मग खरेदी, स्टोअर, हिशेब, टाइम ऑफिस. सगळ्यात शेवटी प्लांट आणि त्याच्याही खाली गेट. चांगदेवसाठी नवा फोन शिल्लक होता, तरी तो मल्हारीने कपाटात ठेवला. "प्लांटवर रंग उडतोय. तिथं जुना काळाच बरा. आन् ह्या नव्या सोयीबियी त्या नंबराला देऊ नका." माणसाचा कोतेपणा कसा असावा, तर असा. फोन कपाटात धूळ खात पडला तरी चालेल, पण खरातच्या टेबलावर नको.

सगळ्यात शेवटी पुण्याच्या माणसाने कॉल फॉरवर्ड समजावून सांगितलं. तुम्ही जागेवर नसाल तर तुमचा फोन दुसऱ्याकडे वळवता येतो. मल्हारीचे डोळे चमकले. मुंबईच्या ऑफिसात शेठ स्वतः फोन उचलत नाहीत हे त्याने पाहिलं होतं. शेठना उचलायची गरज नव्हती, कारण शेठना काम होतं. एवढा फरक मल्हारीला दिसला असता तर ही गोष्ट झालीच नसती.

"माझा वळवा खरेदीवाल्याकडं. कायमचा."

"आणि परत काढायचा असेल तर हे बटण दाबून—"

"काढायचा कशाला? मला शिकवू नका." त्याने माहितीचं पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकलं आणि वर सुपारीची डबी ठेवली. पुढे चारचौघांत तो सांगू लागला, की ही यंत्रणा मीच प्रोग्राम केली.

खरेदीवाल्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की आपण कोळपेचे फोन घेतोय. आपण काय त्याचे शिपाई आहोत? त्याने आपला फोन स्टोअरकडे वळवला. स्टोअरवाल्याचं डोकं फिरलं, त्याने हिशेबाकडे वळवला. हिशेबवाल्याने टाइम ऑफिसकडे, टाइम ऑफिसने गेटकडे. जो तो स्वतःपेक्षा खालचा माणूस शोधत गेला आणि प्रत्येकाला तो सापडत गेला. एवढ्या तारा, एवढे दिवे, एवढा मानपान, आणि सगळे फोन येऊन पडले ते गेटवर.

गेटवर कोण होतं? नकुशाबाई. बोर्ड भंगारात गेल्यावर मल्हारीने तिला गेटवर बसवलं होतं, लोखंडी स्टूल देऊन, येणाऱ्याजाणाऱ्यांना पास द्यायला. कामगारांच्या घरचे निरोप त्याने त्याच दिवशी बंद केले होते.

ती एकदा वर आली. "सायेब, तुमचे फोन माझ्याकडं येत्यात."

"मग घ्या की."

"निरोप कसा देऊ? तुमाला लावला का फिरून मलाच येतोय."

"नका देऊ. गरजू आसंल तर परत करंल."

"आन् इचारलं तर काय सांगू?"

मल्हारी खुर्चीत मागे रेलला. "सांगा, साहेब फोन उचलत नाहीत."

"आसंच सांगू?"

"आसंच."

नकुशाबाईने मान हलवली आणि जिना उतरून गेली.

शनिवारी जुन्या मॅनेजरांनी मल्हारीला बोलावून सांगितलं, "सोमवारी सकाळी शेठ तुम्हाला फोन करणार आहेत. जागेवर राहा." मल्हारीला आणखी काय हवं होतं? रविवारी दौंडला त्याने केस कापले, मिशीला कलप लावला आणि बायकोला पुरण घालायला सांगितलं. सोमवारी नवी सफारी घालून तो टेबलाशी बसला. फोन समोर, प्लॅस्टिकच्या कागदात, कपाळावर लाल डाग घेऊन. अर्धा तास तो त्याच्याकडे टक लावून बसला आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की हा वाजणार नाही.

त्याने दार लावलं. एक बटण दाबलं, दिवा लागला. दुसरं दाबलं, स्पीकरमधून भोंगा सुरू झाला. तिसरं दाबलं तर गाणं वाजू लागलं. पुस्तक काढलं, ते इंग्रजीत, आणि त्यातलं चित्र समोरच्या फोनशी जुळेना. कुणाला विचारावं? ज्याने सगळं 'प्रोग्राम' केलं त्याने विचारायचं कुणाला? सफारीच्या काखा ओल्या झाल्या.

तेवढ्यात वॉचमन म्हस्कू दारात आला. "सायेब, मुंबईचा फोन हाय गेटवर."

मल्हारी पळाला. अक्षरशः पळाला. जिना, पटांगण, वजनकाटा. गेटवर ठेकेदाराची माणसं पाससाठी रांगेत उभी होती, ती बाजूला झाली. रिसीव्हर हिसकावून तो म्हणाला, "यस शेठ!" तिकडून मुंबईचा ड्रम विकणारा माणूस म्हणाला, "शेठ? अहो, बिलाचं काय झालं?" रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

तो वर येऊन टेकतो न टेकतो तोच म्हस्कू पुन्हा दारात. "सायेब, फोन." मल्हारी पुन्हा पळाला. या वेळी त्याचा मेहुणा होता, कवठ्याहून. कंपनीतले रिकामे ड्रम पाण्याला मिळतील का, असं विचारत होता. आता रांग उघड हसली. नकुशाबाई हसली नाही. ती पास देत होती. पण चोराच्या मनात चांदणं. ज्याने जन्म दुसऱ्याला हसण्यात घालवला, त्याला न हसणारा माणूसही हसतोय असंच दिसतं. ही बाई सूड उगवतेय, मल्हारीच्या मनाने घेतलं. मुद्दाम पळवतेय, चार लोकांत नागवं करतेय.

म्हस्कू तिसऱ्यांदा आला तो धापा टाकत. "सायेब, चला बिगी. शेठ हायेत. नकुशाबाई म्हंती, आवाज शेठचाच हाय."

"आता शेठचं नाव घालून पळवतीया व्हय मला?" मल्हारी टेबलावर हात आपटून ओरडला. "जाऊन सांग तिला. काय सांगून ठिवलंय ती सांग म्हणावं. साहेब फोन उचलत नाहीत!"

म्हस्कूने निरोप दिला. नकुशाबाईने तो शेठना दिला, एक अक्षर इकडचं तिकडं न करता. पुढचं म्हस्कू नंतर चहाच्या टपरीवर महिनाभर सांगत होता. शेठ म्हणाले, "म्हणजे? कोळपे आहे ना तिथे?" बाई म्हणाली, "हायेत. वर बसल्यात." शेठ म्हणाले, "खरेदीला दे." बाई म्हणाली, "ते बी मीच घेते." "स्टोअर?" "मीच." "हिशेब?" "त्यो बी हितंच येतो, शेठ." मग शेठनी विचारलं, "त्या कंपनीत स्वतःचा फोन स्वतः उचलतो असा कोणी आहे का?"

"खरात सायेब हायेत. प्लांटवर."

"जोड."

चांगदेवच्या काळ्या फोनची घंटा वाजली आणि चांगदेवने तो उचलला. उचलणारच. दुसरीकडे वळवायची सोयच त्याला ठेवली नव्हती ना कोळपे साहेबांनी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आठवड्याच्या आत चांगदेव खरात मॅनेजर झाला. शेठ येऊन गेले. मल्हारीच्या टेबलावरचा प्लॅस्टिकात गुंडाळलेला फोन त्यांनी बराच वेळ पाहिला, त्यावरचं कुंकू पाहिलं, आणि चांगदेवला एवढंच म्हणाले, "ज्याला फोन उचलायला दुसरा माणूस लागतो, त्याला त्या माणसाच्या शेजारी बसव." चांगदेवने सुपारीच्या डबीखालचं पुस्तक काढलं, वळवलेले सगळे फोन जागच्या जागी आणले, आणि गेटवर निरोप पुन्हा घ्यायला सांगितलं. मल्हारीला तो काही बोलला नाही. बोलला असता तर मल्हारीला बरं वाटलं असतं.

गेटच्या खोलीत आता एक स्टूल आणि एक टेबल आहे. पहिल्या दिवशी मल्हारी सफारी घालूनच येऊन बसला, पाठ रस्त्याकडे करून. फोन वाजला. नकुशाबाईच्या एका हातात बशी होती, दुसऱ्यात कप. तिने फोनकडे पाहिलं, मल्हारीकडे पाहिलं आणि चहा बशीत ओतला. मल्हारीने म्हस्कूला शोधलं. म्हस्कू टँकरला आत घेत होता. मल्हारीने खोलीत चारी बाजूंना नजर फिरवली. फोन वाजत होता आणि मल्हारीच्या खाली कुणी उरलं नव्हतं.

त्याने रिसीव्हर उचलला. "हॅलो," तो म्हणाला. मग घसा साफ करून हळू म्हणाला, "गेट."

"कवठ्यावरनं साखरबाई बोलतीया," तिकडून मोठ्याने आवाज आला. बूथवर बोलताना सगळेच ओरडतात. "आमच्या सुरजला निरोप द्या. त्याच्या बापाला शिरूरच्या दवाखान्यात नेलंय. लगीच ये म्हणावं." मग ती थांबली. "कोन बोलतंय? मल्हारी हाईस का रं?"

मल्हारीने रिसीव्हर कानापासून लांब धरला.

"तूच हाईस. वळाकला मी आवाज. गेटवर आसतोस व्हय आता? आम्ही आपलं समजत हुतो..." काय समजत होते ते ती बोलली नाही. "आसू दे बाबा. लई बरं झालं, आपल्या गावचं मानूस फोनवर हाय ते. सांगते पारावर समद्यांना, मल्हारी उचलतोय म्हून. जा पळ, त्याला सांग."

फोन ठेवून मल्हारी उभा राहिला. नकुशाबाईने बशी तोंडाला लावली होती.

"सुरज पलीकडच्या शेडमध्ये हाय," ती म्हणाली. "चालत जावा, सायेब. तिथं फोन न्हाई."