चौदा इंच आणि ताराचंदांची टेप

मी एक जुना मॉनिटर आहे, कॉम्प्युटरचा पडदा म्हणा. माप चौदा इंच. मित्रांनो, मोजू मात्र नका. मोजलं तर तेराच भरतो, आणि त्यावरून एकदा भर दुकानात माझी अब्रू गेलेली आहे. ती हकीकत सांगतो, पण भरभर सांगतो. निवांत बसणं माझ्या स्वभावातच नाही.

तुम्हाला माझ्या काचेवर चित्र स्थिर दिसतं. ते काही खरं नाही. आत उजेडाची एक बारीक रेघ डावीकडून उजवीकडे, वरून खाली सारखी धावत असते. खाली पोचली की पुन्हा वर. अंगण सारवणाऱ्या बाईसारखंच माझं काम. फक्त माझं सारवण क्षणात वाळतं, म्हणून सेकंदाला साठ-सत्तर वेळा तेच अंगण पुन्हा सारवावं लागतं. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. थर्माकोल आठवतो, ट्रकचे हादरे आठवतात, आणि १९९९ च्या मार्चमध्ये वर्ध्याच्या एका दुकानात खोका उघडल्यावर अंगावर आलेला उजेड आठवतो.

कॉम्प्युटरसकट मला घ्यायला ताराचंद आले होते. मोठ्या आंजीत त्यांचं कापडाचं दुकान. त्यांची मुलगी दिपाली वर्ध्याला डीटीपी शिकली होती, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर बसवून छपाईची पानं तयार करायला शिकली होती. आता तिला घरूनच ते काम करायचं होतं. पण तिला त्यांनी सोबत आणलं नव्हतं. पोरीने दुकानात 'हेच पाहिजे' म्हटलं की भाव उतरत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव.

सतरा इंचीची किंमत ऐकून ते माझ्याकडे वळले. खिशातून टेप काढली, काचेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत लावली आणि दुकानदार योगेंद्रकडे पाहिलं.

"चौदा म्हणता अन् तेरा भरते. मी असं कापड मोजलं तं गिऱ्हाईक मले गावातून हाकलून देईल."

"काकाजी, काच चौदाचीच आहे. कडा डब्याच्या आत जाते. साऱ्या कंपन्यांचं असंच राह्यते."

"मंग जे दिसत नाई, त्याचे पैसे काऊन घेता?"

दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं हसली. मला कुठे तोंड लपवू असं झालं. योगेंद्र पैसे कमी करायला तयार नव्हता. शेवटी तो म्हणाला, "असं करू. सतरा इंचीत मावते तेवढं याच्यातच बसवून देतो."

त्याने कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. आठशे बाय सहाशे ठिपक्यांच्या जागी एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट ठिपके माझ्या माथी आले. अक्षरं मुंगीएवढी झाली, पण सगळं पान एका नजरेत दिसू लागलं. ताराचंद खूश झाले. तेवढ्याच कापडात दोन सदरे जास्त निघावेत तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता.

मला मात्र धाप लागली. ओढायच्या रेघा वाढल्या आणि सेकंदातल्या फेऱ्या कमी झाल्या. खालचं सारवेपर्यंत वरचं वाळून जाई. माझा उजेड थरथरू लागला. दुकानात ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण माझ्यासमोर दोन मिनिटांच्या वर कोणी बसलंच नाही.

आंजीत माझं स्वागत झोकात झालं. दिपालीची आई मंदाबाई हिने मला कुंकू लावलं, तेही काचेच्या बरोबर मधोमध. झालर लावलेलं आच्छादन शिवलं. ताराचंदांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी कहाणी ऐकवली आणि दिपालीला बजावलं, "त्या सेटिंगले हात लावजो नको. भांडून घेतलं आहे."

वर्ध्याचे छापखानेवाले वासुदेवराव यांनी दिपालीला पहिलंच काम मोठं दिलं. एका शाळेच्या पन्नास वर्षांची स्मरणिका, एकशेवीस पानं, मुदत एक महिना. वेळेत झाली तर वर्षभराचं काम तिच्याकडे येणार होतं. तिने हौसेने सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखू लागलं. आठव्या दिवशी ती कपाळाला ओढणी घट्ट बांधून बसू लागली. डोळ्यांतून पाणी, पुसलं की पुन्हा टायपिंग. हे सारं मी हातभर अंतरावरून पाहत होतो आणि तिच्या डोळ्यांवर थरथरत होतो. थांबता येत नव्हतं, सांगता येत नव्हतं. इतका जीव कधी कासावीस झाला नव्हता.

उपाय झाले. गुलाबपाणी झालं. डॉक्टरांनी डोळे तपासले, नंबर निघाला नाही. मग ताराचंदांनी माझ्यासमोर लावायला काळी काच आणली. त्या काचेने अक्षरं आणखीच अंधुक झाली. चाळीस पानं उरली असताना त्यांनी निर्णय सांगून टाकला.

"डोळ्याहून काम मोठं नाई, बेटा. सोमवारी हा डब्बा परत नेतो. वासुदेवरावले त्याचे कागद वापस देऊन येजो."

त्यात राग नव्हता, काळजी होती. म्हणूनच दिपालीला उलट बोलता आलं नाही. ती कागदांची थैली घेऊन वर्ध्याला गेली.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. छापखान्यात त्या दिवशी टायपिंगची मुलगी आली नव्हती. वासुदेवरावांनी दिपालीला एक निकडीचं पान करायला बसवलं. एकाची चार पानं झाली, दोन तास गेले आणि उठताना तिच्या लक्षात आलं की डोकं दुखत नाही. पडदा माझ्याच मापाचा, चौदा इंची. अक्षरं तेवढी मोठी. तिने विचारलं, तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "आठशे-सहाशेवर ठेवला आहे. ओळी कमी दिसते, पण पोरी दिवसभर बसून काम करते."

ती थैली परत घेऊन आली. सेटिंगला हात लावला नाही. वडिलांना दुकानातून बोलावलं आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसवलं. स्मरणिकेतलं देणगीदारांच्या नावांचं पान उघडलं. त्यात ताराचंदांचंही नाव होतं.

"बाबा, हे सारं वाचा. पंधरा मिनिटं उठू नका."

ते हसत बसले. स्वतःचं नाव सापडेपर्यंत हसू टिकलं. मग पुढे वाकले, मग मागे सरले, मग चष्मा काढून पुसला. मी लाजेने आणखीच थरथरलो असेन.

"पाणी काऊन येऊन राह्यलं डोळ्यातून?" ते म्हणाले.

"मले रोज येते, बाबा."

त्यांनी स्वतःच्या हाताने काळी काच उतरवली. "तुले बरं वाटते तसं कर," म्हणाले. "पण कमी मावन ना आता?"

"खाली सरकवून पाहीन."

दिपालीने आठशे बाय सहाशे केलं, फेऱ्या पंच्याहत्तर केल्या. अक्षरं फुलली. माझी धाप बसली. जन्मात पहिल्यांदा मला धावता धावता दम खाल्ल्यासारखं वाटलं. स्मरणिका मुदतीच्या दोन दिवस आधी गेली, आणि त्यानंतर आठ वर्षं मी दिपालीच्या कामाला हातभार लावला. लग्नपत्रिका, परीक्षेचे पेपर, दुकानांच्या पावत्या, काय काय माझ्या अंगावरून गेलं.

२००७ मध्ये माझा एक कोपरा जांभळा पडला. जुना देऊन नवा घ्यायचा म्हणून ताराचंदांनी मला ऑटोत घातलं आणि त्याच योगेंद्रच्या दुकानात आणलं. आता तिथे चपटे पडदे मांडलेले होते, सतरा इंची आणि एकोणीस इंची. या वेळी दिपाली सोबत होती.

"दोघात मावते सारखंच, काकाजी," योगेंद्र म्हणाला. "ठिपके तेवढेच. मोठ्यात फक्त अक्षर मोठं."

सारखंच मावतं म्हटल्यावर ताराचंद जास्तीचे पैसे कशाला देतील? त्यांनी खिशातून तीच टेप काढली. आता कोपरे मोजणार, मी मनात म्हटलं. त्यांनी दिपालीला खुर्चीत बसवलं. टेपचं एक टोक पडद्याला लावलं आणि दुसरं हलकेच तिच्या कपाळापाशी धरलं.

"घरी टेबलापाशी एवढंच दूर बसतं ना तू?"

"हो, बाबा."

"मंग दोन्ही वाचून पाह्य. घाई नाई." मग योगेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, आपण चहा पिऊन येऊ. तिले बसू दे."

अर्ध्या तासाने ते परतले तेव्हा दिपाली एकोणिसासमोर बसली होती. डोळे कोरडे होते. "हा," ती म्हणाली. भाव त्यांनी केलाच, पण तिच्या शेजारी बसून केला.

मी आता योगेंद्रच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. धावायची सवय जात नाही, पण तक्रार नाही. मित्रांनो, पडदा घ्यायला जाल तेव्हा टेप जरूर न्या, भावही करा. पण ज्याच्या डोळ्यांना तो रोज पाहायचा आहे त्याला सोबत न्या, समोर बसवा, आणि तुम्ही थोडा वेळ चहाला जा.