घरची जागा

"भैयालाल!" हजेरी घेताना मी हाक मारली आणि पुष्पलता म्हणाली, "हौ."

मला वाटलं, माझी थट्टा चालली आहे. बालाघाटच्या या राईस मिलमध्ये मॅनेजर म्हणून माझा तो पहिलाच सोमवार होता आणि पहिल्याच दिवशी कुणी डोक्यावर मिरे वाटलेले मला खपणार नव्हते. माझा पारा तसाही लवकर चढतो. पण पुढच्या नावालाही एका बाईनंच "हौ" म्हटलं, त्याच्या पुढच्याही. शेवटी हमालांचा मुकादम नथ्थू हसत म्हणाला, "मॅडम, घरची जागा हाय ते. नाव मानसाचं, काम ज्याले सवड त्याचं."

घरची जागा म्हणजे असं की मिलमधलं काम माणसाला नाही, घराला मिळतं. सासऱ्याची जागा मुलाच्या नावावर होते. मुलगा ट्रॅक्टर चालवायला नाहीतर नागपूरला गेला की सून कामावर येते, हाक मात्र मुलाच्याच नावानं. आमच्या हिरालाल सेठच्या वडिलांपासून हेच चालत आलेलं. नव्या सुनेनं आल्या आल्या स्वयंपाकघरातली भांडी हलवू नयेत म्हणून मीही गप्प बसले.

गप्प बसण्याचं फळ लगेच मिळालं. हजेरीतली नावं बघून मी दुसऱ्या पाळीचा झकास प्लॅन केला, संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत, सगळे पुरुष. पाळीला आल्या बायका. एकीच्या कडेवर लेकरू होतं. मी तो प्लॅन टराटरा फाडला. कॉलेजात पाच वर्षं पाळ्या आखायलाच शिकले होते, म्हणून जास्तच झोंबलं.

अडीच-तीन महिन्यांनी सेठनं जाहीर केलं की नवीन मशीन येतंय, काही जागा पक्क्या होणार. फंड, विमा, सगळं कायदेशीर. पक्क्या होणाऱ्या जागा अर्थात हजेरीतल्या नावांच्याच.

दुसऱ्या दिवशी पुष्पलता माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवून वाफवतात त्या टाकीवर ती आठ वर्षं काम करते. खुर्ची दिली तर बसली नाही.

"मॅडम, मागच्या साली टाकीपाशी एका बाईचे पाय जळले. भरपाई मांगतली तं मिलवाले म्हणाले, कामावर तं तिचा नवरा होता, त्याचे पाय तं बरे हायेत. मंग हे घरीच जळली असन." तिनं टेबलावरच्या हजेरीवर बोट ठेवलं. "मले पक्की जागा माह्या नावानं पायजे."

ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक सेठच्या केबिनमध्ये गेले.

"अहिल्याजी," सेठ म्हणाले, "काम वही करती है, पगार वही ले जाती है. नाम बदलोगी तो घर-घर में झगड़ा लगेगा."

झगडा लागायला वेळ लागला नाही. पुष्पलतेचा नवरा भैयालाल खैरलांजीकडे एकाचा ट्रॅक्टर चालवतो. तो त्याच संध्याकाळी मिलच्या गेटवर हजर. "जागा माह्या बापाची हाय. माह्या नावानंच राह्यन." माणूस वाईट नव्हता, पण बापाचं नाव काढलं की कुणीही ताठतो. नथ्थूनं त्यावर फोडणी घातली. "एकीचं नाव चढलं तं साऱ्याइच्या बायका मांगतीन. मंग हमाल पोतं उचलणार नाईत."

"ठीक आहे," मी म्हटलं. "ज्याचं नाव, तोच कामावर. सोमवारपासून. मुभा कुणालाच नाही."

हे मी रागात बोलून गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायकांकडे गेले. म्हटलं, "तुमची रोजी बुडेल. हट्ट माझा आणि उपाशी तुम्ही, असं मला नको. नाही म्हणालात तर आत्ता शब्द मागे घेते."

"हट्ट माहा हाय," पुष्पलता डबा बंद करत म्हणाली. "तुमी मंगून आल्या." बाकीच्या हसल्या, पण नाही कुणीच म्हटलं नाही.

सोमवारी गावात होते ते पुरुष आले. खोटं कशाला सांगू, भैयालालनं काम चोख केलं. टाकीची वाफ तोंडावर घेत दोन दिवस तो हूं की चूं न करता राबला. पण दिवस धान खरेदी केंद्रावर नेण्याचे होते, ट्रॅक्टरच्या मालकाचे फोनवर फोन येत होते आणि ट्रॅक्टरवर मिळकत दुप्पट. तिसऱ्या दिवशी तो आला नाही. नागपूरवाले तर आलेच नव्हते. टाक्या थंड पडल्या. सरकारी तांदूळ न्यायला आलेला ट्रक अंगणात रिकामा उभा, आणि सेठचा चेहरा टोमॅटो.

बायका मात्र आल्या होत्या. सगळ्या जणी गेटबाहेर उभ्या, नुसत्याच. कुणी घोषणा दिली नाही.

तेवढ्यात भैयालाल धानानं भरलेली ट्रॉली घेऊन रस्त्यानं जाताना थांबला. "जा ना वो अंदर! काहून उभी हायेस?"

"मी कोन म्हणून जाऊ?" पुष्पलतेनं विचारलं.

भैयालालनं एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा ट्रॉलीकडे. मग मला म्हणाला, "मॅडम, तिचंच नाव लिवा. बापाले मी समजावतो."

सेठनं सुटकेचा निःश्वास टाकला. "हां, लिख दो इसका नाम. चलो बहनजी, अंदर."

पुष्पलता जागची हलली नाही. "एकटीचं नाई. ज्या ज्या येऊन राह्यल्या, त्या साऱ्याइचं."

सेठनं माझ्याकडे पाहिलं. समजूत घालायला त्यांनी मला ठेवलं होतं, हे मला ठाऊक होतं. नोकरी जाईल हेही ठाऊक होतं, आणि माझ्या घरी तीन पिढ्या सरकारी पेन्शनवर जगलेल्या, खाजगीतली नोकरी गेली तर हसायला सगळे टपलेले. हसू देत, म्हटलं.

"सेठजी, माणसांचा हिशोब मी ठेवायचा असेल तर खऱ्या माणसांचा ठेवीन. नाहीतर दुसरी मॅनेजर बघा."

सेठनं रिकाम्या ट्रककडे पाहिलं, नथ्थूकडे पाहिलं, आणि हात झटकला. "लिखो भई, सबका लिखो."

मी स्टूल ओढून गेटातच बसले. एकेक जण पुढे येऊन नाव सांगू लागली. तीन महिने रोज भेटलेल्या बायका, आणि निम्म्यांची नावं मी पहिल्यांदा ऐकत होते. त्याची लाज वाटली.

सगळ्यात शेवटी नथ्थूची बायको. ती दिराच्या जागेवर काम करायची आणि आख्ख्या मिलमध्ये तिला नथ्थूची बायकोच म्हणत. नथ्थू गेटाच्या मधोमध हाताची घडी घालून उभा होता, मागे त्याचे हमाल.

"नाव?" मी विचारलं.

तिनं नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, ही परत फिरणार.

"जैवंता," ती पुटपुटली. मग तिनं पदर खोचला आणि हमालांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "जैवंता. लिवा मॅडम."

मी लिहिलं. ती गेटाकडे चालू लागली आणि नथ्थू बाजूला झाला.