देमुंगच्या मागचा आवाज

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात वाद्य ओलांडून कुणी जात नाही. कितीही घाई असो, वळसा घालायचा. त्या सकाळी मीही घातला आणि तिथेच फसले.

बू तुकिनेम अडतीस वर्षं आमच्या गामेलानात, म्हणजे वाद्यवृंदात, गातात. त्यांच्या समोरच देमुंग, काशाच्या जाड पट्ट्यांचं वाद्य, आणि ते हातोडीनं बडवणारे पाक सार्जोनो; बू म्हणजे बाई, तसं पाक म्हणजे राव. माझ्या त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये बूंचा आवाज उठून आला नाही तर पुढच्या महिन्यापासून दुसरी गायिका, असं रेडिओवाल्यांनी बजावलं होतं. जागा बदलायची सोय नाही. बसण्याचा क्रम ठरलेला.

म्हणून दोघांच्या मधे एकाच स्टँडवर मी दोन माईक लावले. एक चहूबाजूंचं सारखंच ऐकणारा. दुसरा फक्त पुढचं आणि पाठचं ऐकणारा, पण पाठचं उणे चिन्हानं नोंदणारा. दोघांची बेरीज केली की पुढचा आवाज दुप्पट, पाठचा जवळजवळ शून्य. पुढे बाई, पाठी देमुंग.

गाणं संपलं. हेडफोन लावला तर देमुंगच देमुंग. बाईंचा पत्ताच नाही.

त्यांनीही ऐकलं आणि हेडफोन हळूच खाली ठेवला. "आवाजच उरला नाही गं माझा, वेनिंग."

"काहीतरीच काय, बू? मला तर स्पष्ट ऐकू येत होतं," पाक म्हणाले.

"तुमचे कान त्या हातोडीनं कधीच गेलेत." त्या पिशवी आवरू लागल्या. "पुन्हा गा म्हणू नका. आत्ता गायले, याहून चांगलं मला येत नाही."

मला रडूच येत होतं. माईक काढायला गेले, पुन्हा वळसा घालून देमुंगच्या बाजूनं, आणि दिसलं. दुसऱ्या माईकची पुढची बाजू माझ्याकडे, म्हणजे देमुंगकडे होती. सकाळी याच बाजूनं येऊन तो मी स्वतःच्या तोंडासमोर धरून बसवला होता. काय म्हणावं मला!

पण दोन्ही माईकचे आवाज वेगवेगळे नोंदले होते.

"बू, जरा थांबा. चूक माझी आहे. बेरीज केली होती, आता वजाबाकी करते."

एक बटण उलटं केलं. पाक शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखे झाले, आणि बाईंचा आवाज आला. बारीक, किंचित थरथरता, पण पुरता.

बू हेडफोन दोन्ही हातांनी दाबून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"पाक, तुम्ही कुठे गेलात?"

"इथेच आहे. ऐका निवांत."

त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली, वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसल्या. "पुढचं कुठलं घ्यायचं?"