बायकांच्या बाजूचं दार

"आगं शेवंते, ही काय पोरास्नी दावायची चित्रं हैत व्हय गं?"

मध्यंतराला अजून पाऊण तास होता, आणि बायकांच्या बाजूचा पडदा झटकून एक बाई दोन पोरांना बखोटीला धरून बाहेर आली. तिच्या मागून दुसरी, तिच्या मागून तिसरी. पोरं मान मोडून मागं बघत होती आणि आया त्यांच्या डोळ्यांवर पदर धरत होत्या. जी ती शेवंताबाईवरच खेकसत होती, जणू सिनेमा तिनंच काढला होता.

शेवंताबाई काय बोलणार? दारात उभं राहायचं, तिकिटं फाडायची, उशिरा आलेल्या बाईला बॅटरी मारून बाक दाखवायचा, हे तिचं काम. भावेश्वरी टॉकीजमध्ये मधोमध कमरेएवढी भिंत होती. अलीकडं बायका, पलीकडं बाप्ये. दोन्हीकडची दारं वेगळी, आणि बायकांच्या दारावर बाईमाणूसच पाहिजे हा निपाणीचा जुना रिवाज. म्हणून नवरा वारल्यावर शेवंताबाईला ही नोकरी मिळाली. तेव्हापासून एकोणीस वर्षं ती त्या दारात उभी होती.

आता खरं सांगायचं तर चूक कुणा एकाची नव्हती, अख्ख्या गावाची होती. चित्रांचा सिनेमा म्हणजे पोरांचा सिनेमा, हे प्रत्येकानं आपापल्या घरी परस्पर ठरवून टाकलं होतं. जाहिरातीवर 'फक्त प्रौढांसाठी' असं हातभर अक्षरात लिहिलं होतं. पण वर चितारलेली बाई, बैल आणि चंद्र बघून बायकांनी ठरवलं, की छापणाऱ्याची चूक झाली असेल. त्यांनी पोरांना तेल लावून, भांग पाडून आणलं. टॉकीजचे मालक मारुतीराव यांनी तर स्वतःची चार नातवंडं पहिल्या रांगेत बसवली होती. त्यांना बाहेर काढताना मालकांचं धोतर सुटायची वेळ आली.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. पुण्याच्या पाच-सहा खुळ्यांनी सहा वर्षं खपून, एकेक चित्र हातानं काढून तो सिनेमा केला होता. वीटभट्टीवरच्या एका बाईची गोष्ट. त्यात हिरो नव्हता, मारामारी नव्हती, गाणं म्हणावं तर एक अंगाई. आणि मध्यंतराच्या पुष्कळ आधी तो सीन. भट्टीच्या मागं, विटांच्या आडोशाला ती बाई एकटी बाळंत होते. अंगावर धड कापड नाही. तिचं पोट वाढत वाढत पडदाभर होतं, मग त्या पोटाचा डोंगर होतो, डोंगराला भेगा पडतात आणि ती तीनदा हाक मारते, "आये!" कुणी येत नाही. मूल जगतं, बाई मरते. पुढचा सिनेमा त्या मुलाचा.

गावात या सिनेमावरून जी भांडणं लागली ती सांगायची सोय नाही. बाप्यांच्या बाजूला निम्मे शिट्ट्या मारायचे, निम्मे त्यांना शिव्या घालायचे. "पैसं परत द्या, ह्यो काय सिनेमा हाय? नुसत्या रेघोट्या मारल्यात!" असं म्हणणारा दुसऱ्या दिवशी परत यायचा आणि पुन्हा तेच म्हणून जायचा. बेळगावच्या कॉलेजातले आनंद मास्तर एसटीनं दोनदा आले, सोबत विद्यार्थी घेऊन. त्यांनी पेपरात पत्र लिहिलं, की असा सिनेमा देशात झाला नाही. आणि त्यांची सख्खी बहीण विनोदिनीबाई इथंच मुलींच्या शाळेत शिकवत होत्या. त्या म्हणाल्या, बाळंतपण ही काय चव्हाट्यावर मांडायची गोष्ट आहे? भावाबहिणीत बोलचाल बंद झाली. मारुतीराव म्हणायचे, "सीमाप्रश्नावर गाव येक हुतं. ह्या चित्रांनी घराघरात सीमा पाडली बगा."

पण ज्यांच्या मताला कुणी विचारत नव्हतं त्या तंबाखूच्या वखारीतल्या बाया मात्र रोज यायच्या. वखारीच्या सुट्टीच्या दिवशी तर झुंडीनं, एरवी कामाची पाळी चुकवून, अंगाला तंबाखूचा खकाणा तसाच, शिंकत, खोकत. चार-चारदा बघितलेल्या बाया होत्या. त्या सीनला त्यांच्या बाकांवरून चकार शब्द यायचा नाही. एका आजीनं बाहेर पडताना शेवंताबाईला सांगितलं, "मोप सिनेमे बघितले बाई. पर आपल्यासारकं कुनी बाळंत झालेलं पैल्यांदाच बघितलं."

शेवंताबाईनं ते ऐकलं आणि दुसरीकडं बघितलं.

तिला एक मुलगी होती. शालू. सतराव्या वर्षी वखारीत जायला लागली. अठराव्या वर्षी तिला दिवस गेले, आणि ज्याच्यामुळे गेले तो गोव्याला पळाला. शेवंताबाईनं लेकीशी बोलणं टाकलं. एका घरात राहून, एका चुलीवर खाऊन चार महिने मायलेकी मुक्या होत्या. शालू पातळ सैल नेसून कामावर जायची, आणि आई बघून न बघितल्यासारखं करायची. माणूस इतकं कठोर कसं होतं, हे पुढं शेवंताबाईलाही कळेना.

नऊ वर्षांपूर्वी एका गुरुवारी तीनच्या खेळाला शालूबरोबर काम करणारी यल्लव्वा वखारीतून पळत आली. दम लागलेला, पायात चप्पल नाही. दारातच शेवंताबाईच्या कानाला लागून म्हणाली, "शालूला कळा सुटल्यात. पोत्यांच्या मागं पडलीया. तुला बोलवतीया, चल लवकर."

टॉकीज बायकांनी गच्च भरलेलं. आत्ता दार सोडलं तर सगळ्या विचारणार, कुठं चाललीस? का चाललीस? शेवंताबाईनं पडद्याकडं बघत सांगितलं, "खेळ सुटू दे. येते."

खेळ सुटायला सव्वा तास होता. ती पोचली तेव्हा वखारीच्या बायांनी शालूवर गोणपाट पांघरलं होतं. मूलही गेलं होतं. गावाला शेवंताबाईनं सांगितलं, ताप डोक्यात गेला. वखारीतल्या बायांनी तोंडाला कुलूप घातलं. पण बोलावणं आलं होतं आणि आई गेली नाही, ही गोष्ट फक्त यल्लव्वाला ठाऊक, असं शेवंताबाई धरून चालली होती. त्याविषयी दोघी पुन्हा कधी एक अक्षर बोलल्या नाहीत.

हा सिनेमा लागल्यावर पहिले तीन दिवस तो सीन आला की शेवंताबाई पाणी प्यायला बाहेर जायची. चौथ्या दिवशी पाय उचलेना. दाराच्या पडद्याची कड धरून ती उभी राहिली आणि सगळं बघितलं. ती चित्रातली बाई दात खाऊन कशी कळ सोसते, विटेला कशी नखं रुतवते, मान कशी टाकते. शालूचं असंच झालं असेल का? ती कुशीवर होती की उताणी? पाणी तरी कुणी दिलं का? नऊ वर्षं हे प्रश्न तिनं कुणाला विचारले नव्हते. आता रोज एक बाई पडद्यावर येऊन सांगत होती. शेवंताबाईचं काळीज फाटायचं, आणि तरी ती दुसऱ्या दिवशी तीन वाजायची वाट बघायची. तेवढी चार मिनिटं ती लेकीच्या उशाशी असायची. लोक त्या सिनेमाला चांगलं म्हणोत नाहीतर वाईट, तिला त्याचं काही नव्हतं. तो सीन रोज दिसावा, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते कुणापुढं बोलायची सोय नव्हती.

सिनेमाचे दहा दिवस झाल्यावर विनोदिनीबाई सात-आठ बायकांना घेऊन मालकांकडं आल्या. बाई तशी भली. आवाज चढवला नाही, की धमकी दिली नाही.

"मारुतीराव, सिनेमा बंद करा असं मी म्हणत नाही. तेवढा एक भाग काढा. पलीकडून पोरं शिट्ट्या मारतात, आणि अलीकडं आमच्या मुली मान खाली घालून बसतात. बाईच्या वेदनेवर शिट्ट्या, हे तुम्हाला पटतं?"

मालक कात्रीत सापडले. काढावं तर वखारीच्या बाया बोंब मारणार, ठेवावं तर गावातली बडी घरं तुटणार. त्यांनी डोकं खाजवलं आणि हाक मारली, "शेवंताबाई! हिकडं या जरा. विनोदिनीबाई, ही आमची एकोनीस वर्सं बायकांच्या दारावर हाय. हिच्याइतकं बायकांचं कुनाला कळत न्हाई. ही सांगंल तसं करतो, मग तर झालं?"

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. विनोदिनीबाईंनी तिच्या हाताला हात लावला, आणि मायेनंच विचारलं, "तुम्ही सांगा. तुमची स्वतःची मुलगी इथं बसली असती, तर तुम्हाला हे बघवलं असतं?"

शेवंताबाईनं आपला हात हळूच काढून घेतला. ठेवा म्हणावं, तर का म्हणून विचारतील. विचारलं तर आपल्याला रडू फुटेल. रडू फुटलं, तर ताप नव्हता, बोलावणं आलं होतं, सगळं बाहेर पडेल. नऊ वर्षांपूर्वी जी भीती तिच्या पायात घुसली होती, तीच आता जिभेवर येऊन बसली.

"घान हाय बाई," ती म्हणाली. "झाका त्ये."

घरी जाऊन तिनं चूल पेटवली नाही.

फिल्म कापली तर वितरक गळा धरील, म्हणून मालकांनी आपली नेहमीची युक्ती काढली. ऑपरेटर रवळूनं त्या चार मिनिटांपुरता मशीनच्या भिंगापुढं पुठ्ठा धरायचा. भलतंसलतं काही आलं की निपाणीत असंच करायचे. चित्र झाकलं जायचं, फिल्म शाबूत राहायची. रवळूला ते आवडलं नव्हतं. खेळाआधी तो शेवंताबाईजवळ येऊन म्हणाला, "आक्का, तुमी असं कसं म्हनला? मी रोज बघतोय न्हवं, तुमी पडद्याला धरून हुब्या असता."

"तुझं काम कर जा, रवळू."

तीनचा खेळ लागला. त्या दिवशी वखारीला सुट्टी होती, बायकांचे बाक भरले होते. यल्लव्वा पुढून तिसऱ्या बाकावर होती. सिनेमा पुढं सरकत गेला. भट्टी आली, बैल आला, बाई पोटावर हात ठेवून विटांच्या मागं गेली आणि पडदा काळा झाला.

"आरं रवळ्या! झोपलास व्हय रं!" पलीकडून ओरडा झाला. शिट्ट्या सुटल्या. अलीकडून बाया कालवा करू लागल्या, "चित्र कुठं गेलं? चित्र दावा!"

पुठ्ठ्यानं चित्र झाकलं होतं. आवाजाला कोण झाकणार? ते मालकांच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि शेवंताबाईच्याही नाही. अंधारात ती बाई कण्हायला लागली. दिसत काही नव्हतं, पण श्वास ऐकू येत होता, नखं घासलेली ऐकू येत होती. दारात उभं राहून, आत काय चाललंय ते न बघता, नुसतं ऐकायचं. शेवंताबाईनं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलेलं हे असं तिच्यापुढं उभं राहिलं.

"आये!"

शिट्ट्या थोड्या कमी झाल्या.

"आये गं!"

आता दोन्ही बाजूंचं कुणी ओरडत नव्हतं. भिंतीपलीकडं कुणीतरी उगाच खाकरलं. अंधार, त्यातला तो श्वास, आणि मग तिसरी हाक, अगदी बारीक, शेवटची.

"आये…"

"आले! आले गं बाय माजे!"

शेवंताबाईनं दार सोडलं. पडद्याची कड तिच्या हातून सुटली, तिकिटांचे तुकडे खाली सांडले. अंधारात बाकांना ठेचकाळत ती पुढं पळाली. "आले गं शालू! दम धर, आले, ही बग आले!" असं ओरडत ती थेट पांढऱ्या कापडापाशी गेली, आणि या वेळी कुठं चाललीस म्हणून कुणी विचारलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ते कापड चाचपलं.

रवळूनं वर घाबरून पुठ्ठा काढला. पण सीन होऊन गेला होता. पडद्यावर दोन माणसं गाडीत विटा भरत होती, आणि त्या विटांचं चित्र शेवंताबाईच्या पाठीवरून सरकत होतं. टॉकीजमध्ये कुणी हसलं नाही. ती बायकांकडं वळली. उजेडानं तिला समोरचं कुणी दिसत नव्हतं.

"माज्या लेकीला ताप न्हवता गं," ती म्हणाली. "मला बोलावनं आलतं. मी गेले न्हाई. हितंच हुबी हुते मी."

तिसऱ्या बाकावरून यल्लव्वा उठली. येऊन तिनं शेवंताबाईचं मनगट धरलं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "सगळ्यास्नी ठावं हाय शेवंते. नऊ वर्सं ठावं हाय. चल, बस."

बाकावरच्या बाया सरकल्या. त्यांनी दोघींपुरती जागा केली आणि शेवंताबाई त्यांच्यात बसली. सिनेमा चालू राहिला. थोड्या वेळानं कुणी उशिरा आलेली बाई दारातून आत डोकावली, तिकीट कुणाला द्यावं ते तिला कळेना, मग ती ते हातात धरून तशीच उभी राहिली.